हिरड्यांसाठी प्रोबायोटिक: ऑनलाइन गोळ्या, फ्रिजातली बाटली अन् आर्वीकडचं दही, तिन्ही वापरून सांगते

आधी निकाल सांगून टाकते. हिरड्यांसाठी म्हणून चघळायच्या प्रोबायोटिक, म्हणजे फायद्याच्या जिवंत जंतूंच्या, गोळ्यांचा जो डबा आम्ही ऑनलाइन मागवला त्याला पाचपैकी दीड स्टार. किराणा दुकानाच्या फ्रिजात मिळते ती प्रोबायोटिक ड्रिंकची छोटी बाटली, तिला अडीच. अन् आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी रोडवरच्या गवळ्याच्या दुकानातलं दही, त्याला साडेचार. पण हे स्टार कधी लागू होतात तर आधी डेंटिस्टकडे जाऊन दातांवरचा कडक थर काढला असेल अन् तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटा, सुटला असेल तेव्हाच, नाहीतर गोळी घ्या, बाटली घ्या की दही खा, हिरडी काही ऐकत नाही.

आमच्याकडे हे सगळं माझ्या मिस्टरांमुळे सुरू झालं. ब्रश करताना रक्त यायचं, भाकरीचा कडक पापुद्रा चावला तरी यायचं, सकाळी तोंडाला वास, अन् डाव्या बाजूचा खालचा एक दात थोडासा हलून राहिला होता. आता आमच्या भागात रक्त आलं की लोक काय करतात तुम्हाला माहीतच आहे, मीठ-हळद लावतात, कडुनिंबाची काडी घेतात, किंवा ब्रशच बंद करतात. ब्रश बंद केला की रक्त दिसत नाही म्हणून वाटते बरं झालं. ह्यांनी तेच केलं होतं. मग मोबाईलवर त्या गोळ्यांची जाहिरात आली, रोज एक गोळी चघळा, रक्त बंद, वास बंद, हलणारे दात घट्ट, अन् वरून स्केलिंगची, म्हणजे डेंटिस्टकडच्या सफाईची, गरजच नाही. मागवल्या. डबा तीस गोळ्यांचा, हजाराच्या आसपास पडला. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "बाप्पा, एवढ्याशा गोळीले हजार रुपये? त्यात तं महिनाभर दही येते घरात."

पण गोळी सुरू करायच्या आधी मी ह्यांना सावंगी मेघेच्या डेंटल कॉलेजला घेऊन गेले, माझाच हट्ट होता, कारण हलणारा दात म्हणजे गोळीचं काम नाही हे मला कुठंतरी वाटून राहिलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक बारीक सळई घेतली, टोकाला काळ्या रेघा असलेली, ती दात अन् हिरडीच्या फटीत हळूच सोडायच्या अन् आकडा बोलायच्या, बाजूची शिकाऊ पोरगी कागदावर लिहायची. तीन, दोन, तीन. मग डावीकडे आल्या तर पाच, सहा, पाच. हे मिलिमीटर असतात, तीनपर्यंत ठीक, चार अन् त्याच्या वर गेलं म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथं खिसा झाला, अन् त्या खिशात ब्रशचा केस पोचत नाही. डावी बाजू म्हणजे खर्रा दाबून ठेवायची बाजू. तिथं हिरडी इतकी खाली सरकली होती की दाताचं पिवळट मूळ दिसत होतं, आरशात मला दाखवलं त्यांनी, मी घरात रोज बघत असून कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. दातावर रोज जंतूंचा चिकट थर बसते. तो ब्रशनं निघते. नाही काढला तर लाळेतले क्षार बसून त्याचा दगड होते, मग तो ब्रशनं, मंजनानं, गोळीनं, कशानंच निघत नाही, मशीन नाहीतर हत्यारानंच काढावा लागते. तो दगड अन् त्यावरचे जंतू हिरडीला सतत चिडवत ठेवतात, हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. इथवर थांबलं तर हिरडी परत पहिल्यासारखी होते. पण पुढं गेलं अन् आतलं हाड झिजलं की दात हलतात, अन् ते हाड नुसतं खाण्यापिण्यानं परत येत नाही. म्हणून जी जाहिरात म्हणते की गोळीनं हलणारा दात घट्ट होते ती खोटं बोलते, एवढं स्पष्ट लिहिते मी इथं. ह्यांनी विचारलं की मॅडम गोळी घेऊ की नको, तर त्या म्हणाल्या घ्यायची तर सफाईनंतर घ्या, तण तसंच ठेवून खत टाकल्यावर काय होते ते तुम्ही शेतकरी आहात, तुम्हालाच माहीत.

आता कोणी म्हणेल मग प्रोबायोटिक म्हणजे सगळा फसवाफसवीचाच धंदा का? तसं नाही हो. मी बरंच वाचलं याच्यावर. जागतिक आरोग्य संघटना अन् अन्न व कृषी संघटना यांनी २००१ मध्ये व्याख्या केली ती साधी आहे, जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले तर शरीराला फायदा करणारे. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, जिवंत पाहिजे, पुरेसे पाहिजेत, अन् फायदा सिद्ध झालेला पाहिजे. हिरड्यांसाठी सगळ्यात जास्त तपासलेला जंतू म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. स्वीडनमध्ये २००६ साली त्याच्यावरचं काम छापून आलं, हिरड्या सुजलेल्या लोकांना तो दिला तर रक्त येणं कमी झालं असं त्यात दिसलं, अन् नंतर २०१३ मध्ये सफाई केल्यावर त्याच्या गोळ्या चघळायला दिल्या तर नुसत्या सफाईपेक्षा थोडा जास्त फायदा दिसला. हा जंतू तोंडात जागा धरते, वाईट जंतूंना वाढू देत नाही, सूजही थोडी शांत करते असं सांगतात. म्हणूनच गोळी गिळायची नसते, हळूहळू चघळायची असते, तोंडात जेवढा वेळ राहील तेवढं बरं. पण दुसरी बाजू पण सांगते, २०२० मध्ये युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीनं, म्हणजे हिरड्यांच्या डॉक्टरांच्या तिकडच्या मोठ्या संघटनेनं, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सफाईसोबत प्रोबायोटिक देऊ नका असंच सुचवलंय, कारण सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर फायदा फारसा ठोस निघत नाही. आणि हे जंतू तोंडात कायमचे राहत पण नाहीत, गोळी बंद केली की काही दिवसा-आठवड्यांत निघून जातात. म्हणजे हजाराचा डबा दर महिन्याला. परवडते का सांगा.

आता आमच्या डब्याचं. दीड स्टार का दिले तर लेबल. लेबलवर "प्रोबायोटिक ब्लेंड" एवढंच, कोणता जंतू, त्याची कोणती जात, काही नाही. हे महत्त्वाचं आहे कारण एकाच जंतूच्या वेगवेगळ्या जाती असतात अन् एकीचा फायदा दुसरीला लागू होत नाही, अभ्यास रॉयटेरीच्या ठराविक जातीवर झालेत, तुमच्या डब्यात कोणती आहे हे लिहिलंच नसेल तर त्या अभ्यासाचा तुम्हाला काय उपयोग. आपल्याकडं एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की प्रोबायोटिक म्हणून विकायचं तर दिवसाच्या मात्रेत निदान दहा कोटी जिवंत जंतू पाहिजेत, या डब्यावर आकडा होता पण बाजूला बारीक अक्षरात "उत्पादनाच्या वेळी" असं. म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा. माझ्या हातात आला तेव्हा किती जिवंत होते ते देवालाच माहीत. अन् दुसरं, गोळीत साखर. हिरडीची गोळी, झोपताना ब्रश करून मग तोंडात ठेवायची, अन् तिच्यात साखर, हे मला अजिबात पटलं नाही.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट, जी पुण्या-मुंबईकडचे लोक रिव्ह्यूत कधीच लिहीत नाहीत. डब्यावर लिहिलं होतं की २५ डिग्रीच्या खाली ठेवा. आम्ही मागवला मे महिन्यात. आमच्याकडं मे मध्ये पारा ४५ च्या पुढं जाते, कुरिअरची गाडी नागपूरहून वर्धा, वर्धेहून पुलगाव, तिथून आर्वी, पत्र्याच्या टपाखाली डबा दुपारभर तापत येते, शेवटी गावात येणाऱ्या पोराच्या पाठीवरच्या बॅगेत. डबा हातात घेतला तर गरम होता, खरंच गरम, उन्हात ठेवलेल्या वाटीसारखं लागत होतं हाताला, अन् आतल्या दोन-तीन गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं की प्रॉडक्ट पूर्णपणे सुरक्षित आहे. अहो सुरक्षित आहे ते ठीक, पण जिवंत आहे का, प्रश्न तो होता माझा. त्याचं उत्तर नाही. ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागवा, जातीचं नाव अन् शेवटच्या तारखेपर्यंतचा आकडा लिहिलेला असेल अशाच मागवा, साखर नको.

बाटलीचं थोडक्यात सांगते. याकुल्टसारखी बाटली असते ना, तिच्यात एक गोष्ट चांगली की जंतूचं नाव-गाव स्पष्ट लिहिलेलं असते, जपानच्या मिनोरू शिरोटांनी १९३० मध्ये शोधलेली जात, १९३५ पासून तिकडं विकून राहिले, ६५ मिलीच्या बाटलीत ६५० कोटी जंतू. प्रामाणिक लेबल. पण गोड असते, अन् मुळात पोटासाठी आहे, एका घोटात संपते. मला अडीचच का द्यावे लागले तर कारण कंपनी नाही, आमचा भाग. ही फ्रिजातच पाहिजे. आमच्या तालुक्याच्या एका दुकानात मी सकाळी गेले तर लाईट नव्हती, फ्रिज बंद, दार उघडलं तर आतून गरम वाफ, आइस्क्रीम वितळून खालच्या कप्प्यात ओघळ आलेले, अन् त्याच्याच बाजूला ह्या बाटल्या. दुकानदार म्हणाला रात्रीपासून नाही, येऊन जाईन दुपारपर्यंत. लाईट आल्यावर त्याच बाटल्या परत थंड होणार अन् विकल्या जाणार. वर्धेत, नागपुरात राहत असाल अन् भरवशाचं दुकान असेल तर विचार करा, शुगर असेल तर तो पण नको.

आता दही. आर्वीकडून येताना रस्त्याला लागूनच आहे, बोर्ड नाही, टिनाचं शेड, बाहेर दुधाच्या कॅना उपड्या घातलेल्या. आर्वी, आष्टी, कारंजा हा सगळा पट्टा गवळाऊ गाईचा, पांढरी, लांबट तोंडाची गाय, नंद गवळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, अन् हे दुकान अशाच एका घरचं. दूध गवळाऊचं अन् म्हशीचं मिसळलेलं असते, भाऊ ते स्वतःच सांगते, लपवत नाही. दही मातीच्या पसरट भांड्यात लावतात. माती पाणी शोषून घेते त्यामुळं दही घट्ट येते, वर साईचा पिवळसर थर, भाऊनं पळी घातली की कापल्यासारखी सरळ भिंत उभी राहते अन् मग हळूहळू तिच्यातून निवळ पाणी पाझरते. चव गोडसर आंबट. जिलेटीन नाही, साखर नाही, पावडर नाही. मी पहिल्यांदा विचारलं, "भाऊ, आजचं आहे की कालचं?" तर म्हणाला, "ताई, खायले पाह्यजे तं हे आजचं न्या. कालचं आंबट झालं, ते कढीले द्या म्हणणाऱ्याले देतो." अशी सरळ बोलणारी दुकानं राहिली कुठं.

मला माहिती आहे कोणीतरी लिहील की घरगुती दही म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. बरोबर आहे त्यांचं, शास्त्रानं बघितलं तर नाही, कारण विरजणात कोणते जंतू अन् किती ते मोजलेलं नसते, रॉयटेरी तर नसतोच बहुतेक. पण जिवंत नक्की असतात, कारण ते इथंच, काल रात्री, त्याच भांड्यात वाढलेत, त्यांना कोणत्या गाडीत बसून यावं लागत नाही. अन् हिरड्यांचं म्हणाल तर जपानमध्ये हिसायामा गावच्या लोकांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला, त्यात असं निघालं की जे लोक दही किंवा तशी आंबवलेली दुधाची वस्तू रोज ५५ ग्रॅम किंवा जास्त खातात त्यांच्यात हिरड्यांचा आजार कमी, अन् गंमत म्हणजे नुसत्या दुधाचा असा संबंध दिसला नाही. ५५ ग्रॅम म्हणजे एक छोटी वाटी पण नाही. आता यानं हे सिद्ध नाही होत की दह्यामुळेच हिरडी चांगली, दही खाणारा माणूस ब्रश पण नीट करत असेल. पण वाटीभर दह्यात नुकसान काय आहे? कॅल्शियम मिळते, प्रथिनं मिळतात, पैसे कमी लागतात.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवजा, आमच्या आत्याबाईंसोबत याच्यावरच वाद झाला. त्यांचं म्हणणं कढी काय अन् दही काय, एकच. नाही. कढीला उकळी आली की जंतू मेले. अंबिलीचंही तेच, ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवते तोपर्यंत सगळं जिवंत, सकाळी चुलीवर शिजवली की संपलं. अंबील उन्हाळ्यात प्यायलाच पाहिजे, पोटाला थंड, मी स्वतः पिते, पण हिरड्यांच्या हिशोबात धरू नका. ताक मात्र चालते, फोडणी न दिलेलं, जिरं-मीठ टाकून. अन् दुसरं, दह्यात साखर नको. लस्सी तर नकोच, त्याच दुकानात उन्हाळ्यात लस्सी पण विकतात, ग्लासात अर्धी साखर, पोट्टे तिच्यावर तुटून पडतात, मला ते बघवत नाही. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश पण करायचा नाही, चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या.

ह्यांचं काय झालं ते सांगते. सफाई झाली, दोन बैठकांत, खोलवरची. लोक घाबरवत होते की सफाई केली की दात हलतात, तसं पहिले थोडे दिवस वाटलंच त्यांना, फटी मोकळ्या झाल्या, थंड पाणी लागायचं. ते दगड निघाल्यामुळं अन् सूज उतरल्यामुळं वाटते, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. रक्त येणं बंद झालं. वास गेला. परत सळईनं मोजलं तर पाचाच्या जागी तीन-चार आले, सहाचा एक खिसा अजून पाचाचा आहे. खाली सरकलेली हिरडी वर आली नाही, येणारही नाही, हे त्यांनी सांगून ठेवलंय. यात दह्याचा हात किती ते मी सांगू शकत नाही अन् सांगणार पण नाही, जास्तीत जास्त काम सफाईनं केलं, त्यानंतर रोजच्या दोन वेळच्या ब्रशनं अन् खर्रा सुटल्यानं. त्यांची शुगरही तपासून घेतली, कारण शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात अन् हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास देते. सुदैवानं ठीक निघाली.

खर्ऱ्यावर मात्र मला बोलायचंच आहे. आमच्या गावात दहावीतले पोट्टे प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटून राहिले, सुपारी, तंबाखू, चुना. गालात जिथं दाबून ठेवते तिथली हिरडी आधी जाते, मग सुपारीनं गाल आतून कडक होते, तोंड उघडत नाही, अन् पुढं कॅन्सरपर्यंत जाते ते. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं मुक्तिपथ म्हणून गावागावांत दारू-तंबाखूवर काम चालवलंय, तसं आमच्या वर्धा जिल्ह्यात गावोगाव व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटते. सोडायचा असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, ह्यांनी फोन केला होता, बोलणारा माणूस नीट बोलला, रागावला नाही. खर्ऱ्याची तलफ आली की हे आता बडीशेप अन् भाजलेली जवस तोंडात टाकतात. दह्याची वाटी जेवणाच्या शेवटी, कारण पूर्वी जेवण झालं की पन्नी निघायची.

दुकानाचा अर्धा स्टार का कापला तेही लिहिते. दही पॉलिथिनच्या पिशवीत बांधून देतात, कितीदा सांगितलं, मी आता घरून स्टीलचा डबा नेते अन् तुम्ही पण न्या, डबा असला की भाऊ पळीभर जास्तच टाकते. पावसाळ्यात दही पातळ येते, तेव्हा तक्रार करू नका, गार हवेत लागायला वेळ लागते. किलोला शंभर रुपये आहे, मोजून देतात. घरी लावायचं असेल तर विरजणापुरतं मागा, त्याचे पैसे घेत नाहीत. सकाळी साडेदहा-अकरापर्यंत खायचं दही संपते, नंतर गेलात तर कढीचंच मिळेल. आर्वीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तर नवाच्या आधीच जा.